केवळराम गुरुजींची गैरहजेरी

दिवाळीची सुट्टी संपली ती शाळेची. मुलांची सुट्टी संपायला अजून बराच अवकाश होता, कारण मंडया सुरू झाल्या होत्या.

भंडाऱ्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. सगळ्या गावांची एकाच दिवशी भरली असती तर शिक्षण खात्यावर फार उपकार झाले असते. पण आज या गावची, उद्या त्या गावची, परवा तिसऱ्याच गावची, अशी ती धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांमधून फिरत राहते. दुपारी दंडार उभी राहते, म्हणजे ढोलकीच्या तालावर नाचगाणं आणि सोंगं. बाजूला शिंगाडे, ऊस, बांगड्या आणि पानठेले. ज्या गावची मंडई, त्या गावातल्या प्रत्येक घरात पाहुणे. पाहुणे म्हणजे मामा, मावशी, आत्या आणि त्यांची पोरं. आणि पोरं म्हणजेच पिपरटोल्याच्या जिल्हा परिषद शाळेचा पट.

हे १९७८ साल. केवळराम लांजेवार गुरुजी या शाळेचे मुख्याध्यापक होते आणि आनंदराव रामटेके हे त्यांचे सहायक. आनंदराव तरुण, हौशी आणि फार अदबशीर. शाळेत शिक्षक दोनच असल्यामुळे त्यांच्यात मतभेद झाला तर बहुमत कोणाचंच होत नसे; मग आनंदराव 'बरोबर आहे सर' म्हणत आणि प्रश्न सुटे. पहिली ते तिसरी आनंदरावांकडे, चौथी गुरुजींकडे.

त्या आठवड्यात चौथीच्या वर्गात एकटी वच्छला येत होती.

गुरुजींची जुनी सवय अशी की वर्गात पाऊल टाकलं की 'मुलांनो' म्हणायचं. एकच मुलगी समोर असली म्हणून सवय काही जात नाही. "मुलांनो, कोण सांगेल?" असं ते विचारीत. वच्छला हात वर करी आणि आपल्या आधी आणखी कोणी हात वर केला आहे की काय, म्हणून प्रामाणिकपणे मागं वळून बघी. मागं रिकाम्या तरटपट्ट्या. शेवटी एकदा तिनं पाटी खाली ठेवली.

"गुरुजी, समदे सवाल मलेच इचारता. मी थकली जी."

गुरुजींना ते पटलं. वर्ग म्हणजे ओझं वाटून घेण्याची सोय आहे, हे त्यांना इतक्या वर्षांच्या नोकरीत कोणी इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं.

मूल दोन दिवस शाळेत आलं नाही म्हणजे दोन दिवस बुडाले, असं आईबापांना वाटतं. तसं नसतं. ते मूल परत येतं तेव्हा दंडार निम्मी झाल्यावर येऊन बसलेल्या माणसासारखं असतं. राजा कोण, चोर कोण, ही बाई का रडते, असं शेजारच्याला विचारीत बसतं. शेजारच्याचंही लक्ष जातं. मग शिक्षक पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, आणि जे रोज येतात ते जांभया देतात. गुरुजींनी त्या हंगामात एकच धडा इतक्यांदा सुरू केला होता की वच्छलाला त्यातल्या गुरुजींच्या खोकण्याच्या जागासुद्धा पाठ झाल्या होत्या.

अशात पवनीहून निरोप आला. शुक्रवारी पंचायत समितीचे विस्तार अधिकारी शाळा बघायला येणार. पिपरटोल्याला पाचवीचा वर्ग द्यावा की नाही, हे ते चौथीचा वर्ग बघून ठरवणार.

पिपरटोल्याची शाळा चौथीपर्यंत. पाचवीला आसगावला जावं लागे आणि मध्ये नाला. मुलगे कसेबसे जात. मुलींची शाळा चौथीला संपे. वच्छलाचे वडील डोमा यांनी तर आधीच सांगून टाकलं होतं, "गुरुजी, पोरगी हुशार हाये, मले मालूम हाये. पण नाल्याले ते मालूम नाही ना! पावसाळ्यात कोन नेईन तिले पलीकडं? चौथी झाली का बंद."

म्हणजे शुक्रवारी चौथीचा वर्ग भरलेला दिसला तर वच्छला पुढे शिकणार. नाही दिसला तर साहेब एका मुलीपुरती पाचवी मंजूर करणार नाहीत, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

गुरुजी थेट सरपंच भय्याजींच्या ओट्यावर गेले. त्या ओट्यावर सल्ला मागावा लागत नसे, तो वाहतच असे. कोणी म्हणालं, मुलांना गूळ वाटा. कोणी म्हणालं, बापांना दंड करा. एका म्हाताऱ्यानं मंडईच बंद करा असं सुचवलं, आणि स्वतःच घाबरून इकडंतिकडं बघितलं. शेवटी भय्याजींनी सुपारी कातरता कातरता निकाल दिला.

"दवंडी द्या गुरुजी. दवंडी देल्याबिगर गावाले कायी समजत नाही. जागेश्वरले सांगतो मी."

जागेश्वर हा गावचा कोतवाल. आवाज असा की त्यानं दवंडी दिली की शेजारच्या गावालाही कर भरावासा वाटे. संध्याकाळी त्यानं डफडं काढलं आणि गल्लोगल्ली सांगितलं, "ऐका हो ऐका! शुक्रवारी पवनीचे सायब येऊन राहिले होऽ! समद्यांनी घरच्या मानसांसंग हजर राहावं! गाव सोडून कोनी जाऊ नये होऽऽ!"

शाळा हा शब्द त्यात नव्हता. जागेश्वरच्या मते साहेब आले म्हटलं की झालं, कशाला आले ते साहेबांनी बघावं.

आता, पिपरटोल्याच्या लोकांनी अशी दवंडी याआधी एकदाच ऐकली होती. आणीबाणीत. तेव्हाही साहेब येणार होते, तेव्हाही गाव सोडू नका म्हणून सांगितलं होतं, आणि ज्यांनी गाव सोडलं नाही त्या पुरुषांना गाडीत घालून कुटुंबनियोजनाच्या शिबिराला नेलं होतं. एक बादली आणि थोडे पैसे घेऊन ते परत आले होते. तेव्हापासून गावात कोणी नवी बादली घेतली तरी लोक दबक्या आवाजात चौकशी करीत.

सकाळी पिपरटोल्यात पुरुष औषधालाही उरला नाही. जे मंडईला गेले नव्हते तेही गेले. कापलेल्या धानाचे पुंजणे बांध्यांत तसेच टाकून, बायकापोरांना रेंगीत, म्हणजे इकडच्या हलक्या बैलगाडीत घालून गाव सावरटोल्याकडं पळालं, कारण दुसऱ्या दिवशी मंडई तिथंच होती. खुद्द भय्याजी 'महत्त्वाच्या कामाला' गेल्याचं त्यांच्या घरून कळलं. दवंडी देणारा जागेश्वर तेवढा मागं राहिला, तोही त्याचं आधीच शिबिर झालं होतं म्हणून.

आता आनंदरावांच्या वर्गातही तरटपट्ट्या दिसू लागल्या.

"सर," आनंदराव म्हणाले, "दवंडीनं हजेरी कमी झाली."

"दिसतं आहे मला."

"बरोबर आहे सर."

गुरुजींनी मनाशी ठरवलं. आता कोणाचा सल्ला नाही. उद्या, गुरुवारी, सायकल घ्यायची, सावरटोल्याला जायचं, चौथीची पोरं गोळा करायची आणि दिवे लागायच्या आत परत यायचं. शाळा आनंदराव बघतील. योजना साधी होती. अडचण एवढीच की सावरटोला हे गुरुजींचं सासर होतं.

त्यातून आठच दिवसांपूर्वी त्यांच्या पत्नीनं, गोदावरीबाईंनी, माहेरच्या मंडईला जाऊ या म्हटलं होतं, तेव्हा गुरुजींनी त्यांना शिस्त या विषयावर एक व्याख्यान दिलं होतं. शिक्षकच शाळा टाकून मंडईला गेला तर मुलांनी काय करावं, वगैरे. व्याख्यान चांगलं झालं होतं. त्यानंतर घरातल्या भाजीत मीठ एक दिवसाआड पडू लागलं, पण गुरुजींनी तत्त्व सोडलं नव्हतं. तर गुरुवारी सकाळी ते पायाला सायकलची क्लिप लावीत होते, तेव्हा गोदावरीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कुठं जाऊन राहिले जी?"

"सावरटोल्याला. पण मंडईला नाही. सरकारी कामाला."

"मी बी येतो मंग. कॅरेजवर बसतो मागं."

"सरकारी कामाला कोणी बायकोला घेऊन जात नाही, गोदावरी."

"बरं," गोदावरीबाई म्हणाल्या. नवऱ्यांना ज्या 'बरं'ची भीती वाटली पाहिजे, त्यातलं ते होतं. पण गुरुजींचा पाय तोवर पायडलवर पडला होता.

सावरटोल्याच्या वेशीवर पहिल्यांदा भेटले ते डोमा. ते एकटेच ऊस चोखत उभे होते.

"रामराम गुरुजी! तुमी बी आले काय मंडईले?"

"मी मुलांना न्यायला आलो. वच्छला कुठं आहे?"

"थे कुठं येते! मायसंग घरीच राहाली. म्हने, बाबा, शाळा हाये, मी येत नाही." डोमांनी उसाचा चोथा थुंकला आणि गुरुजींकडं नीट बघितलं. "पोट्टी शाळेत, अन् गुरुजी मंडईत. असं काहून झालं जी?"

या प्रश्नाचं उत्तर गुरुजींजवळ होतं, पण ते लांब होतं. त्यांनी सायकल पुढं काढली.

पहिल्या घरी चौथीतला एक मुलगा सापडला. त्याचा मामा म्हणाला, "न्या ना गुरुजी, खुशाल न्या! पण आमच्या दारात आले अन् मंडईच्या दिवशी तसेच जाता काय? बसा. सुवाऱ्या आन वं!" सुवाऱ्या म्हणजे पुऱ्या. त्यांच्याबरोबर आलू-वांग्याची भाजी, वर करंजी. गुरुजींनी खाल्लं. मामानं शब्द दिला, उद्या पहाटे रेंगी जुंपून पोरगा शाळेत पोचवतो. आज मात्र नाही, आज दंडार.

दुसऱ्या घरी दुसरा मुलगा, दुसरा मामा, त्याच सुवाऱ्या. तिसऱ्या घरी गुरुजींनी हात जोडले, तेव्हा घरधनीण म्हणाली, "त्याईच्या घरी खाल्लं, आमच्या घरी नाही? आमचं काय आंबट हाय काय?" गुरुजी पुन्हा बसले. मुलांसाठी त्याग करावा लागतो हे त्यांनी प्रशिक्षणात ऐकलं होतं, पण तो पोटानं करावा लागेल असं तिथं कोणी सांगितलं नव्हतं. दुपारपर्यंत चौथीच्या एक सोडून सगळ्या मुलांच्या पाहुणचारकर्त्यांनी शब्द दिला होता, आणि गुरुजी सायकलवर बसण्याऐवजी तिला धरून चालत होते.

उरला होता तो धनीराम. धनीराम सापडला दंडारीच्या मंडपामागं, लुगडं नेसून. दंडारीतली नाचणारी बाई तोच होता.

"धनीराम! चल शाळेत!"

"गुरुजी," धनीराम डोक्यावरचा पदर सावरत म्हणाला, "मी गेलो तं राजा कोनासंग लगन करीन?"

प्रश्न बिनतोड होता. त्यातून दंडारीचा मुख्य माणूस घामाघूम होऊन तिथं आला. पेटी वाजवणारा सकाळपासून बेपत्ता होता. पवनीचे साहेब येणार म्हणून कोणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं आणि तो जंगलात निघून गेला होता. गुरुजींची दवंडी सावरटोल्यालाही पोचली होती तर.

"तुमी पेटी वाजवता ना गुरुजी? थोडकं बसा. नाही तं दंडार मोडते अन् हे पोट्टं बी तुमाले भेटत नाही."

आता खरी गोष्ट सांगायची तर गुरुजींना पेटी वाजवायला फार आवडे. शाळेत प्रार्थनेपुरती वाजवायला मिळे, तीही तीन सूर मुके असलेल्या पेटीवर. इथं पेटी धडधाकट होती, ढोलकीवाला तयारीचा होता आणि समोर पंचक्रोशी बसली होती. 'एकच गाणं' म्हणून गुरुजी बसले. एका गाण्याची दोन झाली. दोनाची किती झाली ते कोणी मोजलं नाही. चौथीची पोरं पुढच्या रांगेत बसून 'आमचे गुरुजी! आमचे गुरुजी!' म्हणून शेजारच्यांना सांगत होती. सूर्य बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाण्याला टेकला तेव्हा राजाचं लग्न लागलं आणि गुरुजी भानावर आले.

समोर सासूबाई उभ्या होत्या. देवकाबाई.

"जवाईबापू! मंडईले आले, सासूच्या घरचं पानी बी नाही पेले, अन् बसले पेटी वाजवत! अन् माही गोदावरी कुठं हाये?"

गुरुजींनी सरकारी काम, विस्तार अधिकारी, पाचवीचा वर्ग असं सगळं सांगितलं. देवकाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, "थे समदं बरोबर हाये. गोदावरी कुठं हाये?"

बायकोला घरी ठेवून जावई एकटाच मंडईला आला, हे तोवर अर्ध्या गावाला कळलं होतं. उरलेल्या अर्ध्या गावाला गुरुजींचे मेहुणे ताराचंद सांगत होते. ताराचंद पंचविशीचे, नागपूरला शिलाई शिकून आलेले, फुलाफुलांचा बुशशर्ट आणि घेरदार बेलबॉटम घालणारे. "मी आत्ता जाऊन बाईले घेऊन येतो," असं म्हणून गुरुजींनी हो-नाही म्हणायच्या आत ते गुरुजींच्याच सायकलवर बसून निघूनही गेले. सायकल गेली म्हटल्यावर गुरुजींचं परत जाणंही गेलं. पहाटे मुलांबरोबर रेंगीतून जाऊ, असा त्यांनी विचार केला आणि सासूबाईंच्या हातचं जेवायला बसले. ते जेवण दिवसातलं शेवटचं होतं, पण ताटात ते पहिल्यासारखंच वाढलेलं होतं.

ताराचंद रात्री परत आलेच नाहीत. पुढं कळलं ते असं की गोदावरीबाईंनी भावाला गरम जेवायला वाढलं, अंथरूण घातलं आणि सांगितलं, "ज्यायनं नेलं नाही त्यायनंच न्यायले यावं." सायकल भिंतीला टेकून राहिली.

शुक्रवारी गुरुजींना जाग आली ती उन्हाच्या तिरपीनं. ऊन अंगणाच्या निम्म्यात आलं होतं.

"मुलं कुठं आहेत?" ते ओरडतच उठले.

"गेले ना, पहाटंच!" देवकाबाई कौतुकानं म्हणाल्या. "दोन रेंग्या भरून गेले. तुमाले नाही उठवलं मी. दिवसभर पेटी वाजवली, थकले असान."

झालं होतं असं, की पुढच्या रेंगीतल्यांना वाटलं गुरुजी मागच्या रेंगीत आहेत आणि मागच्यांना वाटलं पुढच्या. दोन्हीकडची पोरं गुरुजी जवळ नाहीत या आनंदात गाणी म्हणत गेली.

गुरुजींनी धोतर शोधलं. धोतर आणि सदरा दोरीवर होते. सासूबाईंनी भल्या सकाळी धुऊन टाकले होते आणि त्यांतून अजून पाणी टपकत होतं. घरात पुरुषाचे दुसरे कपडे म्हणजे ताराचंदांचे.

इथं क्षणभर थांबून केवळराम गुरुजींची बाजू समजून घेतली पाहिजे. उभ्या आयुष्यात त्यांनी पांढऱ्याशिवाय दुसरा रंग अंगाला लावला नव्हता. पण एका पारड्यात त्यांची अब्रू होती आणि दुसऱ्यात वच्छलाची पाचवी. त्यांनी डोळे मिटले आणि बेलबॉटममध्ये पाय घातला.

बांध्यांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे शेतांच्या बांधांवरून, ते निघाले. बेलबॉटमचा घेर दोन्ही बाजूंच्या गवतावरचं दव पुसत चालला होता. पुंजण्यांवर बसलेल्या बगळ्यांनी मान वळवून बघितलं. वाटेत एका बाईनं डोक्यावरचा पदर ओढून "कोन जी पावने?" असं विचारलं, ती पिपरटोल्याचीच होती, आणि तिच्या दोन्ही मुलांना गुरुजींनी शिकवलं होतं. गुरुजींनी मान खाली घातली आणि ते धावू लागले.

गावाजवळ जागेश्वर समोरून येताना दिसला.

"गुरुजी! तुमीच व्हा ना? सायब आले! फटफटीवर आले! शाळा फुल्ल भरली हाये जी, चौथीत बसाले जागा नाही!" मग त्यानं आवाज खाली आणला, म्हणजे तो फक्त गावापुरता राहिला. "तुमीच तेवढे गैरहजर हा. सायबांनी मले धाडलं पाहाले."

शाळेबाहेर रेंग्या सुटलेल्या होत्या. साहेब पोरांचा वर्ग बघायला आले आहेत, आणखी कशाला नाही, हे कळल्यावर गावातले पुरुष धीट झाले होते आणि खिडक्यांना चिकटून उभे होते. त्यात डोमा होते, कारण एक रेंगी त्यांचीच होती. भय्याजीही महत्त्वाचं काम आटोपून आले होते.

गुरुजी चौथीच्या दारात पोचले आणि तिथंच थबकले. वर्ग खच्चून भरला होता. साहेब गुरुजींच्या खुर्चीवर बसले होते. फळ्याजवळ छडीसारखी पट्टी धरून वच्छला उभी होती आणि सगळा वर्ग तिच्यामागं सतराचा पाढा म्हणत होता. सतराचा पाढा या वर्गाला गुरुजींनी अजून धड शिकवलेला नव्हता. म्हणजे तो तिनं सकाळपासून शिकवला होता.

पाढा थांबला. मुलांनी बुशशर्टकडं बघितलं, मग बेलबॉटमकडं, मग चेहऱ्याकडं. धनीरामच्या तोंडून "अरे बापा" एवढंच निघालं.

"मुख्याध्यापक लांजेवार आपणच का?" साहेबांनी विचारलं.

"होय साहेब."

"मी सकाळपासून आपली चौकशी करतो आहे. या मुलानं सांगितलं, गुरुजींची आजी वारली. त्याच्या शेजारच्यानं सांगितलं, आजीच वारली, पण दुसरी. त्या मुलीनं सांगितलं, गुरुजी घरी धाकट्या भावाला सांभाळत आहेत. तो म्हणाला, गुरुजींच्या पोटात दुखतं. हा म्हणाला, गुरुजींच्या शेळ्या हरवल्या. मग पुन्हा एकदा आजी वारली." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "आपलं वय काय, लांजेवार?"

खिडकीबाहेर कोणीतरी फुसकन हसलं. गुरुजींच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. पोरांनी त्यांना वाचवायला आपापली सगळ्यात चांगली, वापरून खात्री पटलेली कारणं काढून दिली होती. याहून मोठी देणगी त्यांच्याजवळ नव्हती.

"फक्त या मुलीनं कारण सांगितलं नाही," साहेब वच्छलाकडं बोट करून म्हणाले. "ती म्हणाली, गुरुजी येतील, तोवर मी घेतो वर्ग."

गुरुजींनी मुलांकडं बघितलं. आजी उपलब्ध होती, पोटदुखी तर खरीच होती. पण वर्गातली सगळी तोंडं त्यांच्याकडं लागली होती.

"मंडईला गेलो होतो साहेब," ते म्हणाले. "मुलांना आणायला गेलो आणि मीच राहिलो. जेवलो, पेटी वाजवली, झोपलो. सूर्य वर आल्यावर उठलो. दुसरं कारण नाही."

साहेबांनी चष्मा परत चढवला.

"कुठली मंडई?"

"सावरटोल्याची."

"हं. दंडार कशी झाली?"

"बरी झाली साहेब."

"बरी काय सायब, लय भारी झाली!" धनीराम उभा राहून म्हणाला. "मी होतो ना बाई!"

मग मात्र साहेबांना हसू आवरेना. ते हसले तसा वर्ग हसला, खिडक्या हसल्या, आनंदराव शेजारच्या वर्गातून काय झालं ते न कळताच हसत आले. साहेब डोळे पुसून गंभीर झाले. "हे बघा, आजची आपली अर्धी रजा धरतो. ती धरावीच लागेल. राहिली पाचवी. वर्ग देता येईल, मुलं आहेत. पण पुढच्या वर्षी पाचवीत मुलीच आल्या नाहीत तर मला वर जाब द्यावा लागतो. या मुलीचे वडील कोण?"

डोमांना लोकांनी खिडकीतून दारात आणि दारातून वर्गात ढकललं. बेलबॉटममधल्या गुरुजींच्या शेजारी ते हात जोडून उभे राहिले.

"पाठवाल हिला पाचवीत?"

डोमांनी वच्छलाकडं बघितलं. तिनं पट्टी पाठीमागं धरली होती आणि ती जमिनीकडं बघत होती. सकाळपासून पहिल्यांदाच ती दहा वर्षांची दिसत होती.

"सायब," डोमा सावकाश म्हणाले, "मी सकाळपासून खिडकीत उभा हावो. समद्या गावच्या पोट्ट्याईले हे पाढे म्हनवून राहिली. मी बी म्हनलो तिच्यामागं. सतरा पंचे पंच्याऐंशीलोक आलो." ते थांबले. "तुमी शाळा देली तं पाठवतो. अन् नाही देली, तं पोराईले मंडईहून आनाले रेंगी जुपली ना मी आज? नाल्यातूनबी जुपीन."

वच्छलानं मान वर केली.

"मग रेंगी कशाला? देऊन टाकतो वर्ग," साहेब म्हणाले. "जूनपासून पाचवी. शिफारस आजच करतो."

एकच गलका झाला. खिडकीतले बाप दारातून आत घुसले. भय्याजींनी हे सगळं दवंडीमुळं झालं असं जाहीर केलं. जागेश्वरनं डफडं आणू का म्हणून विचारलं आणि सगळ्यांनी एका आवाजात नको म्हटलं. कोणीतरी रेंगीतून करंज्यांची टोपली आणून साहेबांपुढं धरली, आणि गुरुजींपुढं धरली तेव्हा ते भिंतीला टेकले. आनंदराव गुरुजींचा हात हातात घेऊन "बरोबर आहे सर, बरोबर आहे," एवढंच म्हणत राहिले. साहेब निरोप घेऊन गेले, फटफटीचा आवाज दूर गेला, तरी वर्गातली गर्दी हलेना. ढोलकी कुठून आली ते कळलं नाही, पण ती वाजू लागली होती.

इतक्यात फळ्यावर पट्टी आपटल्याचा आवाज झाला.

"गुरुजी," वच्छला म्हणाली, "शाळा सुटली नाही अजून. मोठ्या मानसाईले बाहेर जाऊ द्या. बाबा, तुमी बी."

डोमा निमूट निघाले. त्यांच्यामागं भय्याजी निघाले, ढोलकी निघाली, करंज्यांची टोपली निघाली. दोन दिवसांच्या धकाधकीनं गुरुजींना काही सुधरेनासं झालं होतं. बेलबॉटम सावरीत तेही त्या सगळ्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेले.

"तुमी नाही जी, गुरुजी," वच्छला म्हणाली आणि तिनं खडू पुढं केला. "तुमी बसा."